नवा मासा घरात येताना

मासा विकत घ्यायला पाच मिनिटे पुरतात. तो घरातल्या टाकीत सोडायला मात्र महिना लागला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. या मतापायी गेल्या काही महिन्यांत मी घरात, गल्लीत आणि कोल्हापुरातल्या एका मत्स्यालयाच्या दुकानात चांगलाच हट्टी म्हातारा ठरलो आहे. दुकानदाराचे म्हणणे साधे असते. पिशवी अर्धा तास पाण्यावर तरंगत ठेवा, कात्रीने कापा, मासा सोडा आणि बघत बसा. शेवटचे दोन शब्द माझ्या मनातून जात नाहीत. आपण बघत बसतो, आणि पाण्यात जे व्हायचे ते होऊन जाते.

माझा विषय क्लाऊनफिशचा. केशरी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी किनार, आणि सारखी कंबर हलवत पोहण्याची लकब. मराठीत कोणी त्याला विदूषक मासा म्हणते, मुले ‘निमो’ म्हणतात. २००३ साली आलेल्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटाने हा मासा जगभरच्या मुलांच्या ओळखीचा केला. त्या चित्रपटामुळे या माशांची विक्री खरोखर किती वाढली याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आमच्या घरी मात्र तो त्या चित्रपटामुळेच आला, हे कबूल केले पाहिजे. मुलाने लहानपणी हट्ट धरला होता. तो हट्ट त्याच्या लग्नानंतर पुरा झाला, आणि आता टाकीपुढे स्टूल टाकून बसते ती नात.

आमच्या हातकणंगल्याचा आणि समुद्राचा संबंध तसा बर्फातल्या बांगड्यापुरता. आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचे म्हटले तर दीडशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. रस्त्यावर येणारा समुद्रातला मासा मेलेला असतो आणि तो कढईकडे निघालेला असतो, ही इथली रीत. पाहुणा आला, टाकीकडे बघितले, की पहिला प्रश्न ठरलेला: “खायाचा न्हाई म्हनं ह्यो? मग कशाला?” दुसरा प्रश्न किमतीचा. किंमत ऐकली की, “अण्णा, एवढ्यात मटण आलं असतं की!” या युक्तिवादाला कोल्हापूर जिल्ह्यात उत्तर नाही. मी देतही नाही.

मिठाशी मात्र आमच्या तालुक्याची जुनी ओळख आहे. उसाला नको तितके पाणी पाजून पाजून हातकणंगले आणि शिरोळ तालुक्यांतली पुष्कळ जमीन क्षारपड झाली. उन्हाळ्यात अशा रानावर पांढरी खपली धरते. एका शेतकरी मित्राने मला गंभीरपणे सल्ला दिला होता, “बाजारातनं मीठ कशाला आणतोस? माझ्या हिरीचं पाणी ने की, आयतं खारट हाय.” त्याच्या विनोदात दुखणे होते, म्हणून हसू अर्धेच आले. पण तो खारटपणा वेगळा आणि समुद्राचा वेगळा. समुद्राच्या पाण्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट यांचे एकमेकांशी प्रमाण ठरलेले असते, आणि मासा त्या प्रमाणाला जन्मापासून बांधलेला असतो. रानातल्या विहिरीत खतांतला नायट्रेटही उतरलेला असतो. म्हणून आमच्याकडे आधी आरओच्या यंत्रातून पाणी काढायचे, त्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम या हिशेबाने मत्स्यालयाचे तयार मीठ विरघळवायचे, आणि काटा १.०२५ या विशिष्ट गुरुत्वावर आणायचा. २०० लिटरच्या टाकीला पहिल्या भरणीला ७ किलो मीठ लागते. मी आयुष्यभर शाळेच्या प्रयोगशाळेत परीक्षानळ्या विसळल्या, त्यामुळे या कामाचा मला कंटाळा नाही. ज्याला आहे त्याने गोड्या पाण्यातले गप्पी पाळावेत. त्यात कमीपणा काहीच नाही.

तर आमच्याकडे बारा वर्षे दोन क्लाऊनफिश होते. एक मोठी, जेमतेम तीन इंचांची, आणि एक तिच्याहून बराच लहान. गेल्या पावसाळ्यात मोठीने दोन दिवस खाणे सोडले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. मागे राहिलेला दगडांच्या फटीत, जिथे दोघे रात्री टेकत असत, तिथे एकटाच हलत राहिला.

आणि सल्ले सुरू झाले. बिचारा एकटा पडला, त्याला जोडीदार आणा. आमच्या सौ. म्हणाल्या, मुक्या प्राण्याला काय सांगता येते का? शेजारच्या काकू म्हणाल्या, नवी आली की माप ओलांडायला लावा! थट्टा सोडा, पण सगळ्यांच्या मनात चित्र एकच होते: विधुर आहे, त्याच्यासाठी वधू बघायची. माणसाच्या घरातली उपमा माशाच्या टाकीत नेली की ऐकायला गोड वाटते. नेमकी तीच उपमा नव्या माशाच्या जिवावर उठते, आणि माझे भांडण तिच्याशीच आहे.

कारण या जातीत वधू बघता येत नाही. क्लाऊनफिशचे पिल्लू जन्मतः ना नर असते ना मादी. पुढे काय व्हायचे हे त्याच्या भोवतीचा गोतावळा ठरवतो. समुद्रफुलाच्या, म्हणजे सी-अ‍ॅनिमोनच्या विषारी बोटांत या माशांचे छोटे कुटुंब राहते. कुटुंब आपले म्हणायचे, एरवी त्यांत रक्ताचे नाते बहुधा नसते. त्यात सगळ्यांत मोठी असते ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा तो नर, आणि खालचे सगळे उमेदवार. मादी मेली की नर हळूहळू मादी होतो आणि उमेदवारांतला पहिला नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी १९७७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडले, तेव्हा पुष्कळांच्या भुवया उंचावल्या होत्या. ‘निमो’च्या चित्रपटात आई गेल्यावर बाप पोराला शोधत समुद्र पालथा घालतो. निसर्गाच्या नियमाने तोवर त्या बापाची आई व्हायला लागली असती. नातीला हे सांगितल्यावर तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, “मग पिक्चर तसाच चालला असता की!” मला तिचे म्हणणे पटले.

म्हणजे आमच्या टाकीत मागे राहिलेला मासा जोडीदाराची वाट बघत नव्हता. त्याची बढती झाली होती. येणाऱ्या प्रत्येकाला तो आता त्याच नजरेने बघणार होता: हा माझ्या खालचा, की माझ्या जागेवर टपलेला?

पीटर बस्टन या संशोधकाने पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात केलेले काम २००३ साली प्रसिद्ध झाले, ते मला या बाबतीत फार बोलके वाटते. रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ अशी आवरून धरतो, की वरच्याच्या आणि त्याच्या आकारात अंतर राहावे. वरचा गेला की खालचा वाढतो, पण जागा रिकामी झाली तेवढाच. जो ही मर्यादा ओलांडतो त्याला घराबाहेर काढले जाते, आणि समुद्रफुलाबाहेर या माशाला फार काळ जगू देणारे समुद्रात कोणी नसते. दुसरा अभ्यास ओकिनावातल्या किना हायाशी आणि सहकाऱ्यांचा, २०२४ सालचा. त्यांनी लहान क्लाऊनफिशांपुढे वेगवेगळ्या पट्ट्यांच्या रंगवलेल्या प्रतिकृती धरल्या. बिनपट्ट्याच्या आणि एकपट्टी प्रतिकृतींकडे त्यांनी तितकेसे लक्ष दिले नाही. आपल्यासारखे तीन पट्टे दिसले की मात्र ते तुटून पडले. परक्या जातीचा मासा शेजारी चालतो. स्वतःच्या जातीचा अनोळखी मासा म्हणजे घरावर हक्क सांगायला आलेला.

हे लक्षात घेतले की दुकानातला नेहमीचा सल्ला किती उलटा आहे ते कळते. “सेम साईज घ्या, जोडी छान दिसते!” दिसते खरी, दोन दिवस. मग एकाचे शेपूट कुरतडलेले दिसते, तिसऱ्या दिवशी तो वरच्या कोपऱ्यात पंपामागे दडलेला असतो, आणि आठवड्याने ग्राहक पुन्हा दुकानात. समुद्रात हरलेल्याला निदान पळायला जागा असते. काचेच्या पेटीत चारी बाजूंना काच. दुकानदाराला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याच्याकडे आलेला प्रत्येक जण सोफ्याला शोभेल असा मासा मागतो. नवा मासा घराच्या शोभेसाठी निवडू नये, आधीच्या माशासाठी निवडावा, एवढेच माझे म्हणणे. जुना तीन इंची असेल तर नवा इंच-सव्वा इंची, पोरवयातला. त्याला अजून कोणाची जागा नको असते.

आता हा नवा आणायचा कुठून, हा प्रश्न. यावर मात्र मी कोणाचे ऐकत नाही. आपल्या देशात क्लाऊनफिश अंदमान, लक्षद्वीप, मन्नारचे आखात इथल्या प्रवाळांत राहतात. प्रवाळावरून धरून आणलेला मासा पिशवीत, गोदामात, पुन्हा पिशवीत असा फिरत आपल्यापर्यंत येतो, आणि त्याने वाटेत काय काय सोसले ते त्याच्या अंगावर लिहिलेले नसते. इंडोनेशिया, फिलिपिन्समध्ये मासे गुंगवून धरण्यासाठी सायनाईड वापरण्याचा प्रकार वर्षानुवर्षे चालला. या एका माशाच्या बाबतीत अशा धरपकडीची गरजच उरलेली नाही. क्लाऊनफिश टाकीत अंडी घालतो. समुद्री शोभेच्या माशांपैकी बंदिस्त जागेत पैदास जमलेल्या पहिल्या काही माशांत तो मोडतो. नर सात-आठ दिवस अंड्यांना पंखांनी वारा घालत राखण करतो, अंधार पडल्यावर पिल्ले फुटतात, आणि त्यांना डोळ्यांना धड न दिसणारे सूक्ष्म खाद्य पुरवले की ती जगतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपमसारख्या केंद्रांनी हे तंत्र बसवले. आपल्या ऐरोलीलाही राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानने राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या मदतीने शोभिवंत समुद्री माशांचे पैदास केंद्र उभारले. तिथली इवली पिल्ले वाढवून विकण्याचे काम किनाऱ्यावरच्या बचत गटांनी करावे, ही त्यामागची कल्पना. मला ती फार आवडली. मासेमारी आटत चाललेल्या गावात एखाद्या बाईने घराच्या पडवीत ही पिल्ले वाढवावीत आणि ती आमच्या तालुक्यापर्यंत यावीत, यात कोणाचेच नुकसान नाही. म्हणून दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न किमतीचा विचारू नये. हॅचरीतला आहे का, कुठल्या, आणि तुमच्याकडे येऊन किती दिवस झाले, हे विचारावे. उत्तर देताना दुकानदार खाली बघू लागला तर चहा घेऊन घरी यावे.

(जाता जाता: हॅचरीतून हल्ली पट्टे मोडलेले, डाग पडलेले, चट्टेरीपट्टेरी ‘डिझायनर’ क्लाऊनफिशही येतात आणि चढ्या भावाने विकले जातात. तीन पट्ट्यांत काय कमी होते, हे मला अजून कळलेले नाही.)

आमचा नवा मासा तामिळनाडूतल्या हॅचरीतला. दुकानदाराने मागवला आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, प्राणवायू भरलेल्या पिशवीत, थर्माकोलच्या खोक्यातून तो आला. पिशवीतल्या प्रवासाबद्दल थोडे सांगतो, कारण इथे प्रेमाने वागणारी माणसेच जास्त घोळ घालतात. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतो, तो पिशवीत साठत जातो. त्याच वेळी त्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साईडही पाण्यात मुरतो आणि पाणी किंचित आम्लधर्मी होते. अशा पाण्यात अमोनियाचे विष बरेचसे निवलेले असते. आपण पिशवी उघडतो, कार्बन डायऑक्साईड उडून जातो, पाण्याचा पीएच चढतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. आता कल्पना करा, कोणी पुस्तकात वाचले की नवे पाणी थेंबथेंब मिसळावे, आणि त्याने रात्रभर प्रवास करून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत दोन-तीन तास थेंब मोजत ठेवले. माया सगळी, पण मासा विषात बसलेला! जवळच्या दुकानातून तासाभरात आणलेल्या माशाला थेंबांचा उपचार ठीक. लांबून आलेल्याला बंद पिशवीत पंधरा-वीस मिनिटे तपमान जुळू द्यावे, उघडल्याबरोबर खारटपणा मोजावा, आणि तेवढ्याच खारट पाण्याच्या वेगळ्या टबात त्याला लगेच हलवावे. पिशवीतले पाणी मोरीत. दुकानांतून पाणी पुष्कळदा समुद्रापेक्षा कमी खारट ठेवतात. तेव्हा टबातले पाणी आधीच तयार ठेवून पुढे रोज थोडे थोडे खारट करत नेले की झाले.

टब कशाला, थेट टाकीत का नको, यावर आमच्या घरात एक संध्याकाळ गेली. नातीने मैत्रिणींना बोलावून ठेवले होते. मुलाचे पुण्याहून फोनवर म्हणणे पडले, बाबा, सगळे लोक थेट सोडतात. सोडतात, आणि काही बचावतातही. पण या माशाला ब्रुकलिनेला नावाचा एक परजीवी इतका लागतो की त्या रोगाला क्लाऊनफिशचाच रोग म्हणतात. अंगावर बुळबुळीत पांढरा थर येतो, श्वास धापा टाकल्यासारखा होतो, आणि दोन-चार दिवसांत खेळ आटोपतो. दुसरा पांढऱ्या ठिपक्यांचा. तो अंगावरून गळून पडला की बरा झाला असे वाटते. प्रत्यक्षात तो तळाशी बसून आपली संख्या वाढवत असतो आणि पुढे काही आठवड्यांत शेकड्यांनी परत येतो. चार आठवडे वेगळे ठेवले तर जे निघायचे ते टबात निघते, टाकीतला जुना मासा वाचतो. करोनाच्या दिवसांत विलगीकरण हा शब्द आपण सगळे शिकलो. इतक्या लवकर विसरायला नको होता. मैत्रिणींना नातीने टबातला मासा दाखवला. त्यांना त्यात काहीच कमी वाटले नाही.

टब म्हणजे थाट काही नाही: ४० लिटरचे काचेचे भांडे, हवेचा पंप, हीटर, आणि लपायला पाइपचा तुकडा. त्यातला स्पंज मात्र मी महिनाभर आधीच मोठ्या टाकीत ठेवला होता, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात वस्तीला आलेले असावेत. नव्या भांड्यात हे जिवाणू नसतात. ते रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. “टाकी आज घेतली, मासे उद्या आणू” म्हणणाऱ्यांचे मासे का मरतात याचे उत्तर एवढेच आहे. रोज संध्याकाळी नात नळीत पाच मिलिलिटर पाणी घेई, औषधाचे थेंब मोजून घाली, रंग तक्त्याशी ताडून वहीत लिही. वीज गेली तर काय, हा आमच्या गावचा खास परिच्छेद. इन्व्हर्टरवर पंखा बंद, पंप चालू, असा घरात ठराव आहे. टाकीतला मासा अंधार सोसतो, उपासही सोसतो. पाणी हलायचे थांबलेले मात्र तो फार वेळ सोसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराने शिरोलीजवळ महामार्ग दिवसेंदिवस बंद पडला, जिल्ह्यात दुधाची आणि पेट्रोलची टंचाई झाली. त्या आठवड्यात मी पंपाला बॅटरी जोडून देवासमोर बसावे तसा टाकीसमोर बसलो होतो.

एकतिसाव्या दिवशी संध्याकाळी दिवे मालवून नव्याला मोठ्या टाकीत नेले. मोकळा सोडला नाही. भोकाभोकांच्या प्लास्टिकच्या डब्यात, पाण्यातच टांगून ठेवला. एकमेकांना दिसावेत, वास कळावा, तोंड मात्र पोचू नये. त्याआधी दुपारी मी टाकीतले दगडही जरा हलवून ठेवले होते, म्हणजे जुन्यालाही आपला कोपरा नव्याने शोधावा लागावा. जुना आला. डब्याभोवती फेऱ्या मारल्या, भोकांवर तोंड आपटले. आमच्या सौ. ना ते बघवेना. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी नवा डब्याच्या तळाशी आडवा होऊन थरथरू लागला, जणू अंगात हीव भरले आहे. घरात सगळ्यांना वाटले, गेला. मी मात्र याच थरथरीची वाट बघत होतो. अंग आडवे करून थरथरणे म्हणजे या माशांच्या भाषेत, तू मोठा, मी लहान, मला तुझी जागा नको. ही थरथर दिसली की निम्मे काम झाले. दिसण्याआधीच डबा उघडणारे लोक मला माहीत आहेत.

पाचव्या दिवशी डबा काढला. पहिला तासभर पाठलाग, दोन-चार ढुशा, नव्याच्या शेपटीच्या कडेला एक बारीक चीर. इथे बघणाऱ्याची परीक्षा असते. ढुशी मारून थरथरीनंतर जुना वळून गेला तर हात घालायचा नाही. तो थांबतच नसेल, नव्याला खाऊ देत नसेल, कल्ले भराभर हलत असतील, तर त्याच क्षणी पुन्हा डबा. आणि पंधरा दिवसांनीही तसेच असेल तर मासा परत द्यायचा. असे ठरवूनच दुकानदाराकडून मी आणला होता, आणि तो भला माणूस कबूल झाला होता. आमच्याकडे ती वेळ आली नाही. आठव्या दिवशी दोघे एकाच दगडाशी रात्री टेकले, मध्ये वीतभर अंतर राखून.

समुद्रफूल का आणत नाही, हे नातीचे दुखणे अजून आहे. चित्रपटात घर आहे, इथे नाही! मुलांना काय, मोठ्यांनाही वाटते की क्लाऊनफिश आणला की ते हवेच. पण समुद्रफूल स्वतः एक प्राणी आहे, झाड नव्हे. त्याला प्रखर उजेड लागतो, पाण्यात जरा चढउतार झाला की ते आक्रसते, आणि टाकीत मेले तर सगळे पाणी नासवून जाते. समुद्रात ते कित्येक दशके जगते असे मानतात, आणि आपल्या दिवाणखान्यात वर्षभरात त्याचा चिखल करायचा? क्लाऊनफिशला शत्रू नसलेल्या टाकीत त्यावाचून काही अडत नाही. आमच्या जुन्याने बारा वर्षे एका उलट्या मातीच्या कुंडीला घर मानले.

आता एक प्रश्न, जो मला गंभीरपणे विचारला गेला. इचलकरंजीच्या एका मित्राचा होता. पंचगंगेत दर उन्हाळ्यात मासे मरतात, तेरवाडच्या बंधाऱ्याला मेलेल्या माशांचा खच लागतो, वास गावभर सुटतो. आणि तुम्ही आरओच्या पाण्यात मीठ कालवून तामिळनाडूचा एक मासा जगवताय, हे काय चाललेय? मला राग आला नाही. तो बरोबरच बोलत होता. मी एवढेच म्हणेन की नदीत मासे का मरतात हे आमच्या घरात आता पोरीलाही समजते. सांडपाणी आले, ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपला, अमोनिया वाढला, प्रवाह थांबलेला. टाकीत जे दोनशे लिटरला होते तेच बंधाऱ्यात होते. मार्चमध्ये पेपरात फोटो आला तेव्हा तिने विचारले, “आबा, तिथं अमोनिया कोण मोजतं?” मी सांगितले, प्रदूषण नियंत्रण मंडळ नमुने घेते. “रोज?” ती म्हणाली. मित्राला मी हा प्रश्न कळवला. तो अशा आंदोलनांत असतो, त्याच्या उपयोगी पडेल.

आणि हौसेला आणखी एक बाजू आहे, तीही नदीचीच. टाकीचा कंटाळा आला की मासे नदीत, विहिरीत, तलावात ‘सोडून देणे’ पुण्याचे काम समजणारे लोक आहेत. क्लाऊनफिश गोड्या पाण्यात मरेल. पण काच चाटणारा सकर मासा मरत नाही, वाढतो, आणि देशातल्या कित्येक जलाशयांत तो आता मच्छीमारांच्या जाळ्यांना भोके पाडतो आहे. मासा नको झाला तर दुकानात परत द्या, कोणाला द्या. नदी ही काही आपल्या टाकीची मोरी नव्हे.

नवा येऊन आता पाच महिने होत आले. तो दीड इंच झाला आहे, आणि मला दिसते त्यावरून तिथेच थबकला आहे. जुना, म्हणजे आता बहुधा जुनी, पावणेचार इंचांकडे निघाली आहे. वरची वाढली की खालच्याला वाढायची परवानगी मिळते, असा तो हिशेब. पापुआ न्यू गिनीतच २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत हे मासे चक्क आखूड झाल्याचे संशोधन २०२५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून नात काचेला पट्टी लावून दर रविवारी माप घेते. मे महिन्यात दुपारी खोली तापते तेव्हा टाकीवर छोटा पंखा लावतो, काटा २७ अंशांच्या पुढे जाऊ नये म्हणून.

एकच गोष्ट अजून मिटलेली नाही. क्लाऊनफिश नीट सांभाळला तर वीस वर्षांच्या पुढे जगतो. मी सदुसष्ट वर्षांचा आहे. मासा आणायच्या आधी मी मुलाला पुण्याला हे आकडे कळवले होते. त्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये टाकी मावत नाही, आणि सोसायटी वरच्या मजल्यावर एवढे वजन ठेवू देत नाही, असे तो म्हणतो. सुनेचे म्हणणे, शंभर लिटरची चालेल का? चालेल. दोन माशांना चालेल. नातीने टाकी कुठे बसेल त्याचा नकाशा काढून पाठवला आहे, त्यात टीव्ही दिसत नाही. दिवाळीला सगळे इकडे येणार आहेत, तेव्हा बोलायचे ठरले आहे.